विश्वकिरणांची पेटी

मनकर्णाबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि नीळकंठनं पेटीचं झाकण उचकटलं. ओसरीवर लख्ख ऊन होतं. होऊ दे काय व्हायचं ते!

पेटी उद्धवची. ताऱ्यांच्याही पलीकडून येणारे विश्वकिरण मोजायला त्यानं ती फुग्याला बांधून अकोल्याहून आभाळात सोडली होती. किरणांची खूण आतल्या फिल्मवर उमटायची. पण उजेड लागला की सगळं मातीत. फुगा फुटला आणि पेटी पडली वडनेरात, मनकर्णाबाईंच्या कपाशीत. पेटीवरच्या पत्त्यावर कळवताच नीळकंठला उद्धवची तार आली: येतोय, पेटी सांभाळ, कुणाला उघडू देऊ नकोस.

सांभाळ म्हणे! नागपूरच्या कॉलेजात पहिला नंबर नीळकंठचा, आणि उद्धव त्याच्याकडून गणितं समजून घेऊन कसाबसा पास होणारा. पण वडील गेले, नीळकंठ गावच्या शाळेत पाढे घोकवत बसला, आणि प्रयोगशाळेत गेला तो उद्धव. त्याचं नाव निघालं तरी नीळकंठचा जीव जळायचा.

झाकण निघालं आणि तो थबकला. आत हळदकुंकू! सुईला, भिंगाला, उलगडलेल्या फिल्मलासुद्धा.

"काल खांडेनवमी होती न गुरुजी," मनकर्णाबाई कप घेऊन आल्या. "नांगर, विळे, तराजू, समदं पुजलं. हे बी अवजारच न? एकएक भाग काढून पुसला अन् कुंकू लावलं. काही चुकलं काय?"

"नाही."

त्याला हसू आवरेना. उद्धव बुडाला, आणि आपल्या हाताला पापही नाही!

तेवढ्यात नांदुऱ्याहून बैलांची दमणी आली. उद्धवसोबत पोलीस शिपाई होता. मनकर्णाबाई पाहुण्यांसाठी औक्षणाचं ताट करायला आत पळाल्या. उद्धवनं पेटी पाहिली आणि कुंकवानं माखलेली फिल्म उचलली.

"वर्षाची मेहनत होती बे! कोणं उघडली? सरकारी माल हाय. जेलात घालतो त्याले!"

मनकर्णाबाई गेल्या त्या दाराकडं शिपाई बघू लागला. नीळकंठचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"म्या उघडली."

"अन् हे कुंकू?"

"ते बी म्याच. खांडेनवमी होती."

आता हा गळपट्टी धरेल, नाहीतर म्हणेल, तू असं करणार नाहीस बे, खरं सांग. नीळकंठ वाट बघत राहिला.

उद्धवनं शांतपणे झाकण लावलं.

"वाटलंच होतं मले," तो म्हणाला. "चला शिपाईदादा, पेटी तेवढी घ्या."

मनकर्णाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी उद्धवच्या कपाळाला कुंकू लावलं.

"आमच्या गुरुजींचे दोस्त न तुम्ही?"

उद्धव दमणीत जाऊन बसला.