येत असेल तर उजवा

चिलापी पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ तोंड उघडत-मिटत राहते.

बी.एड.च्या साडीचा रंग लिंबाच्या सालीसारखा होता आणि काठ चहाच्या रंगाचा. कुणालाच शोभत नव्हता, म्हणूनच बहुधा निवडला असावा.

ग्लास पाण्यानं काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करायचा. पुठ्ठा पडत नाही.

थोरली आत्या द्वारकाबाई पळी घेऊन जेवायला बसायची. पळी वाढण्यासाठी नसायची.

शिक्षक भरतीचं संकेतस्थळ उघडलं की एक गोल फिरत राहतो. तो बघता बघता चहा थंड होतो.

घड्याळ उजव्या मनगटावर बांधणारी माणसं लग्नाच्या फोटोत लगेच सापडतात.

रेश्माचा हात सगळ्यांत आधी वर व्हायचा.

पाठ टाचणात या सगळ्याला क्रम असता. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन. बी.एड.ला टाचण चुकलं की पाठ परत घ्यायला लावतात. इथं तशी सोय नाही.

प्रस्तावना

अबोली कन्हेरीची. बारामतीत बी.एड. केलं, पात्रता परीक्षा पास झाली, भरतीची परीक्षाही दिली, आणि यादी लागेपर्यंत म्हणून भिगवणजवळच्या एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला लागली. रोज बारामतीच्या स्टँडवरून एस.टी.

यादी लागेपर्यंत, हे शब्द घरात सगळेच वापरायचे. यादी लागेपर्यंत स्थळं बघायची नाहीत. यादी लागेपर्यंत स्कूटी घ्यायची नाही. शेजारच्या ऊसतोडीवर बोलता बोलता तिचे वडील, आबाही म्हणायचे, यादी लागू दे एकदा. जणू यादी लागली की ऊसही लवकर तुटणार होता.

केस कानापर्यंत कापलेले, पुरुषी कापाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर काळी ओढणी तिरकी गाठ मारून, पायात कापडी बूट. पारावरची माणसं विचारायची, पोलिसभरतीला निघालीस व्हय? तिला ते आवडायचं. शाळेत मात्र साडी. साडीखाली तेच कापडी बूट, कारण एस.टी. धावत पकडावी लागायची. मुख्याध्यापक कुंडलिक सर बुटांकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर बघायचे.

घड्याळ ती उजव्या मनगटावर बांधायची. शाळेत शिरण्याआधी ते डाव्या मनगटावर जायचं. का, ते सांगता आलं नसतं. सवय झाली होती.

हेतुकथन

अबोली जन्मानं डावरी.

द्वारकाबाईंनी त्यावर इलाज केला. डावा हात ताटाकडे गेला की पळी. लिहायला बसली की डाव्या हाताला लुगड्याची पट्टी बांधून ती पट्टी पलंगाच्या खुराला. आत्या वाईट नव्हती. पोरीची जात, सासरी लोक नावं ठेवतील, एवढंच तिला वाटायचं. पट्टी सैल बांधायची, आणि अभ्यास झाला की गुळाचा खडा द्यायची. उजव्या हातात.

मग अबोली उजव्यानं जेवायला लागली, उजव्यानं लिहायला लागली. चेंडू, झाडू, कुलूप, डाव्याकडेच राहिले.

आणि उत्तर येत असलं की वर जायचा तो हातही डावाच राहिला. प्राथमिक शाळेतले गुरुजी म्हणायचे, तो हात खाली. देवाच्या प्रसादाला पुढं करतीस का तो? वर्ग हसायचा. ती हात बदलेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उत्तर देऊन टाकलेलं असायचं. काही दिवसांनी तिनं हात वर करणंच सोडलं, आणि पुढे वर करायला लागली तेव्हा उजवा करायला लागली.

शिक्षिका व्हायचं ते यासाठी. आपल्या वर्गात कुणाचा हात खाली राहता कामा नये. बी.एड.च्या मुलाखतीत तिनं हेच सांगितलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मान वर करून बघितलं होतं.

विवेचन

सरावपाठांच्या काळात विनयानं तिला एक युक्ती दिली. विनया वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत निर्धास्त. निरीक्षक मागच्या बाकावर बसले की वर्गाचा सहभाग बघतात, आणि सहभाग म्हणजे किती हात वर झाले ते. म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवायचं: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. विचारायचं फक्त उजव्याला.

सगळे करत होते. दरवर्षी करत आले होते. निरीक्षकांनीही त्यांच्या वेळी केलं असणार.

अबोलीला मात्र त्यात फसवणूक दिसली नाही, दया दिसली. ज्याला येत नाही त्याचाही हात हवेत. मान खाली घालून कुणी बसलेलं नाही. म्हणून तिनं ती युक्ती निरीक्षणापुरती ठेवली नाही, नव्या शाळेत आठवीच्या वर्गावर गेल्या गेल्या, दार लावून, कायमचा नियम केला. बाहेर कुणाला सांगायचं नाही म्हणाली. पोरांनाही गंमत वाटली. एवढी गुप्त गोष्ट त्यांना आजवर कुणी विश्वासानं दिली नव्हती, आणि त्यांनी ती खरंच कुणालाही सांगितली नाही.

नियम चालला. जूनमधले कितीतरी डावे हात दिवाळीपर्यंत उजवे झाले. ती एस.टी.त बसून ते हात आठवायची आणि यादीचा विचारही मनात यायचा नाही.

एकच हात डावा राहिला. खिडकीजवळची रेश्मा. प्रश्न संपायच्या आत तिचा डावा हात वर. अबोलीला ती प्रामाणिक वाटायची. काही येत नाही, पण येत नाही हे किती मोकळेपणानं सांगते. अबोली तिच्याकडे बघून रोज हसायची आणि प्रश्न दुसऱ्याला द्यायची.

रोज.

फलकलेखन

डाव्या हातानं फळ्यावर लिहिलं की लिहिलेलं हातानंच झाकलं जातं. बी.एड.ला ते चालत नाही. अबोलीनं सुट्टीत रिकाम्या वर्गात उजव्या हातानं फळे भरले आणि पुसले. शेवटी अक्षर गोल, ठसठशीत आलं. सगळे तारीफ करायचे. ते अक्षर तिला मात्र कुणाचं तरी मागून आणलेलं वाटायचं.

रेश्माचं अक्षर वाचता यायचं नाही. पेन्सिल दाबून दाबून कागदाला भोकं पडायची. ओळी खाली घसरायच्या, पेपर अर्धा कोरा राहायचा. अबोली तो पेपर तपासायची आणि शेवटी प्रोत्साहनाचं एक वाक्य लिहायची.

असं अक्षर तिनं आधी पाहिलं होतं. पट्टी बांधलेल्या हाताशेजारी, स्वतःच्या पाटीवर. पेपर तपासताना ते एकदाही आठवलं नाही.

दिग्दर्शन

जानेवारीत संस्थेचे निरीक्षक आले. सावळाराम सर, निवृत्त मुख्याध्यापक, मऊ आवाजाचे. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं, हे कुंडलिक सरांनी अबोलीला आदल्या दिवशी सांगितलं, आणि बुटांचं काहीतरी बघा, असंही. ती चपला घालून आली.

विषय हवेचा दाब. ग्लास, पाणी, पुठ्ठा. ग्लास उलटा केला तेव्हा पोरांनी श्वास धरला. पुठ्ठा चिकटून राहिला. मागच्या बाकावर सावळाराम सर पुढं झुकले.

पुठ्ठा का पडत नाही, तिनं विचारलं.

सगळ्या वर्गाचे हात वर. तिची नजर उजव्या हातांवरून फिरत होती, एवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, ती खिडकीतली मुलगी. मघापासून तिचा हात पहिला आहे. तिला विचारा की."

रेश्मा अर्धी उठली होती. तोंड उघडलं होतं.

अबोलीच्या डोळ्यांपुढं पुढचं सगळं येऊन गेलं. रेश्मा उभी राहील, गप्प राहील, सर विचारतील मग हात कशाला वर केलास, पोरगी घाबरून नियम सांगून टाकेल. नियम गेला की शाळा गेली. आणि पोरीची सगळ्यांदेखत शोभा होईल. दोघींनाही वाचवायचं होतं. निदान तिला तसं वाटलं.

"सर, तिला नको," ती म्हणाली. "ती जरा कच्ची आहे."

रेश्मा बसली. हात खाली आला तो बाकाखाली गेला. दुसऱ्या एका मुलानं घडाघडा उत्तर दिलं. सर हसले.

शेरा

वर्गाचा सहभाग उत्कृष्ट. फलकलेखन आदर्श. विद्यार्थ्यांची क्षमता ओळखण्याची दृष्टी आहे.

कुंडलिक सरांनी पेढे आणले. जूनपासून पुन्हा या म्हणाले, आणि जागा मंजूर झाली तर पहिलं नाव तुमचंच.

त्या दिवसानंतर रेश्माचा हात वर झाला नाही. डावाही नाही, उजवाही नाही. अबोलीला वाईट वाटलं. पुढच्या वर्षी तिच्याकडे जास्त लक्ष द्यायचं असं तिनं ठरवलं.

उपयोजन

मे महिना. यादी लागली नव्हती. मावसभाऊ मोहित पुण्यात ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या कंपनीत होता. त्यानं तिची तिथं मुलाखत ठरवली. काम सोपं होतं. पालकांना फोन करायचा आणि त्यांचा मुलगा मागे पडतोय हे त्यांना पटवायचं. अबोली शर्ट आणि कापडी बूट घालून गेली. घड्याळ उजव्या हातात. तिथं कुणी काही म्हणालं नाही, आणि तिला नोकरी मिळाली.

"शर्टानं काम केलं बघ," येताना मोहित गाडी चालवत म्हणाला. "लिंबू साडीत गेली असतीस तर म्हणाले असते, ताई, शाळा पलीकडच्या गल्लीत हाय."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तिला स्वतःच्या अंगात असल्यासारखं वाटत होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पुणे की भिगवणची शाळा.

पाटसला वळायचं सोडून मोहितनं गाडी सरळ हायवेनं भिगवणला आणली. एवढी चांगली बातमी चिलापी खाल्ल्याशिवाय पचणार नाही म्हणे. धरणाच्या पाण्याच्या बाजूला पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, चुलीवर तवा. तव्यापाशी एक बाई, शकुबाई, आणि तिच्यामागं खाली बसून मासे साफ करणारी मुलगी.

रेश्मा.

अबोलीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच राहिली. रेश्माचा उजवा हात मासा धरून होता. डावा सुरी चालवत होता. खवले सरसर उडत होते, एकही वार वाया जात नव्हता. ते अर्धे कोरे पेपर लिहिणारी हीच मुलगी का, असं वाटावं.

रेश्मा उठली, हात मागं घेतले. "मॅडम," एवढंच म्हणाली. तिच्या आईनं, शकुबाईंनी, पदरानं टेबल पुसलं. पोरगी आता मोरगावला मामाकडं जाणार, नववी तिथंच, असं सांगितलं.

"का? इथं काय झालं?"

"हितं तिला जमंना. मोठ्या सायबांपुढं तुमीच म्हणाला न्हवं, कच्ची हाय म्हून." शकुबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. डॉक्टरनं सांगितलेलं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "तिचा मामा म्हणला, हिकडं धाडा, बघू."

मोहित कुठला मासा ताजा ते विचारत होता. अबोली रेश्माजवळ गेली.

"तू डावरी हायेस?"

"लिहिते उजव्यानं. आज्जी मारायची. बाकी समदं डाव्यानं."

"मग वर्गात डावा हात का वर करायचीस?"

रेश्मानं आधी आईकडं बघितलं. मॅडमच्या प्रश्नात काहीतरी खोच असणार असं तिला वाटत होतं.

"येत व्हतं म्हणून," ती म्हणाली.

तव्यावर मासा पडला, तेल उडालं. शकुबाई कुणाला तरी भाकरी वाढत होत्या.

अबोलीनं तेव्हा तिला विचारलं, पुठ्ठा का पडत नाही. रेश्मानं हात वर केला नाही. खवले लागलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "हवा खालनं वर ढकलती." मग आणखी काही विचारतील म्हणून थोडं थांबली. रेश्मा परत माशांच्या पाटीपाशी जाऊन बसली.

मासा चांगला होता असं मोहित पुढं महिनाभर सांगत राहिला.

मूल्यमापन

गाडीत मोहितनं विचारलं, मग सोमवारी त्यांना काय कळवू. ती म्हणाली, थांब जरा. यादी लागेपर्यंत का, असं तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

तिनं घड्याळ काढलं. कुठल्या हातात बांधायचं ते सुचेना, म्हणून मुठीत धरून बसली. बारामती गेली, कन्हेरीचा फाटा आला. एवढ्या वेळात एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा मांडून बघत होती. जूनमध्ये शाळेत परत गेली तर खिडकीजवळच्या बाकावर दुसरं कुणीतरी असेल. पुण्याला गेली तर फोनवर एखादी शकुबाई असेल, आणि तिला सांगावं लागेल की तुमची मुलगी कच्ची आहे. ते वाक्य तिला आता चांगलं पाठ होतं.

पूर्वज्ञान

(हे टाचणात सर्वांत आधी लिहायचं असतं.)

अबोलीनं दार लावून वर्गाला डाव्या-उजव्या हाताचा नियम सांगितला, त्या दिवशी रेश्मा मोरगावला मामाकडे होती.