हिरवी शंकरपाळी

सोलापुरातल्या शोरूमवाल्या उदयसिंहांनी अफगाणिस्तानातून आलेला गालिचा हुसेनबीच्या ओट्यावर उलगडला, तेव्हा तिनं आधी तो उलटा करून पाहिला. नक्षी काय, कुणीही बघतं. विणणारीचा स्वभाव कळतो तो पाठीवरून. गालिचा बिनलवेचा, सपाट, घट्ट लोकरीचा, लाल शंकरपाळ्यांच्या ओळींचा. फक्त कोपऱ्यातली शेवटची शंकरपाळी हिरवी होती. मागच्या बाजूला तिथवर लाल लोकरीचे वीत-वीतभर तुकडे जोडलेले दिसले, आणि हुसेनबीला त्या न पाहिलेल्या बाईची दया आली. बिचारीनं पुरवून पुरवून वापरली होती, तरी संपलीच.

उदयसिंहांना तसेच सहा हवे होते. लोकर त्यांची, माग हुसेनबीचा. तिची तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात यंत्रमागाचे तुटलेले धागे जोडण्यात गेली होती. असं मानाचं काम हाताला पहिल्यांदाच आलं होतं आणि ते तिला घालवायचं नव्हतं.

पहिला गालिचा संपत आला, तसा तो कोपरा आला. शेजारी लाल लोकरीच्या लडी ढिगानं पडलेल्या. तिनं लालच विणलं.

शेवटची चार बोटं राहिली होती, तेवढ्यात उदयसिंह आले आणि त्यांचं डोकंच फिरलं. हिरवी हीच तर खूण, ती बघूनच गिऱ्हाईक अस्सल हातकाम म्हणून भुलतं, असं त्यांचं म्हणणं. सहाच्या सहा गालिच्यांत ती त्याच कोपऱ्यात हवी.

"सहाबी गालिच्यांत लोकर एकाच जागी संपली व्हय, सायेब?" हुसेनबीनं विचारलं.

ते एवढंच म्हणाले, उसवा. हुसेनबीला राग आला, आणि तो तिनं लपवला नाही. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, पण दुसरीच्या नडीची नक्कल? तिची स्वतःची चूक असती तर तिनं मुकाट्यानं उसवली असती. तिनं कात्री उचलून त्यांच्याच हातात दिली, तुम्हीच उसवा म्हणाली.

उदयसिंह कितीही व्यापारी असले तरी कामाची पारख असलेला माणूस. ते मागापाशी वाकले, वीण बोटांनी चाचपली आणि कात्री खाली ठेवली. बरं, एवढा राहू द्या, म्हणाले. पुढच्या पाचांत मात्र हिरवं.

"पाचांतबी लालच येनार."

मग पाच दुसरीकडं टाकतो, असं त्यांनी सांगून टाकलं. पुन्हा कुणाच्या तरी यंत्रापुढं उभं राहायचं, हे हुसेनबीला दिसत होतं. तरी ती पाटावर नीट सरसावून बसली.

"टाका की. पन जिच्याकडं टाकाल, तिला तिची सोताची चूक तरी करू द्या."

उदयसिंह आणखी काहीतरी बोलत होते. पण तिनं धागे ठासायचा लोखंडी पंजा उचलला आणि विणीवर असा ठोकायला घेतला, की त्यांचं एक अक्षर ऐकू येईना.