तृप्तीचं झिरो नॉलेज

तेजराम गोंडाणे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला तेव्हा कोंढा गावातल्या निम्म्या लोकांना मनातून बरंच वाटलं असणार. या माणसानं उभ्या नोकरीत एकालाही फुकट नेलं नाही. सख्खा सासरा एकदा जावयाच्या गाडीत कायचं तिकीट म्हणून ऐटीत बसला, तर त्यालाही पवनीच्या अलीकडे भर उन्हात उतरवून दिलं. त्यानंतर वर्षभर त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला, माहेरचं बोलावणं आलं नाही. तेजरामला त्याचं काही वाटलं नाही. नियम म्हणजे नियम.

आणि त्याला माणूस ओळखताही यायचा, हे कबूल करायलाच हवं. बिनतिकिटाचा माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, मग उगाच कॉलर नीट करतो, बाई असली तर पदर, असं तो सांगे. मग तेजराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘दाखवा’. घरीदारी, बाजारात, कुठंही त्याचा हाच शब्द. दाखवल्याशिवाय त्याला काही पटत नसे.

अशा माणसाच्या पोटी तृप्ती जन्माला आली, आणि कामही तिनं असं धरलं की ज्यात दाखवायला काही म्हणता काही नाही.

नागपुरात इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी झाली, आणि गेल्या वर्षीपासून पोरगी घरीच बसून समोरच्या खोलीत लॅपटॉपवर काम करू लागली. तेजरामनं ऑफिस कुठं आहे विचारलं, तर ऑफिसच नाही म्हणाली. ओळखपत्र नाही. साहेबाचं नाव विचारलं, तर त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं, सगळे त्याला कुठल्याशा पक्ष्याच्या नावानं हाक मारत, आणि मीटिंगमध्ये त्याच्या चेहऱ्याच्या जागी बेडकाचं चित्र दिसे. तेजरामनं ते बेडूक स्वतः चष्मा लावून पाहिलं होतं. पगार मात्र वेळेवर येई. त्यामुळे तक्रार कशाची करावी हेही त्याला कळेना.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर चाललं असतं. पण तृप्तीच्या मनात बुद्धविहाराच्या हॉलमध्ये गावातल्या पोरापोरींसाठी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचं आलं. हॉलची किल्ली विहार कमिटीचा अध्यक्ष सेवकराम याच्याकडे. आणि सेवकराम त्या वेळी दुधानं तोंड पोळलेला माणूस होता. मागच्या उन्हाळ्यात बाहेरगावचा एकजण मोबाइलमधलं नाणं विकायला आला होता. ब्लॉकचेन, ब्लॉकचेन म्हणत त्यानं मंगल कार्यालयात सभा घेतल्या, पुरणपोळीचं जेवण घातलं, आणि एक दिवस लोकांचे पैसे घेऊन, फोन बंद करून गायब झाला. सेवकरामही त्यात सापडला होता, पण हे तो सांगत नसे.

चक्कीवर दळण टाकताना त्यानं तेजरामला बाजूला घेतलं. तुझी पोरगी त्याच ब्लॉकचेनच्या धंद्यात आहे असं ऐकून राहिलो, म्हणाला. रविवारी वंदना झाली का बैठक आहे. तू सर्वांसमोर उभा राहून सांग, पोरीचं काम सरळ आहे म्हणून. तू सांगतलं का बस, किल्ली देतो. आणि नाही सांगतलं, तर लोक काय समजायचं ते समजतील.

तेजरामची पंचाईत झाली. नाही म्हटलं तर पोरीचा वर्ग तर जाणारच, वर तिचं नाव त्या पळपुट्याच्या नावाशी जोडलं जाणार. हो म्हणावं, तर जे स्वतः पाहिलं नाही त्याची हमी चार लोकांत कशी द्यायची? हा प्रकार त्यानं सासऱ्यासाठीही केला नव्हता. दळणाचा डबा चक्कीवर विसरूनच तो घरी आला.

संध्याकाळी ओसरीवर त्यानं तृप्तीला समोर बसवलं. वच्छलाबाई अंगणात मिरच्या निवडत होती. तेजराम मदतीला म्हणून अर्धवट उठला, तर तिनं नेहमीप्रमाणे त्याला हाकललं. तुमच्याच्यानं होत नाही, तुम्ही बसा पोरीजवळ. मिरच्यांतून असं सुटायला मिळालं की तेजरामला बरं वाटे.

तृप्तीनं सांगायला सुरुवात केली. बिचारी अगदी जीव लावून सांगत होती. ब्लॉकचेन म्हणजे अशी नोंद, की जिची प्रत हजारो कॉम्प्युटरांवर असते आणि प्रत्येक व्यवहार प्रत्येकजण तपासतो. तेजरामला हे आवडलं. म्हणजे गाडीत जितके माणसं तितके कंडक्टर, असं तो म्हणाला. तृप्ती म्हणाली, हो, आणि म्हणूनच गाडी हलत नाही. मग लोकांनी युक्ती काढली. हजारो व्यवहार बाजूच्या दुसऱ्या चेनवर करायचे, आणि मोठ्या चेनकडे त्यांचा एक लहानसा पुरावा पाठवायचा. मोठी चेन तेवढाच पुरावा तपासते. याला रोलअप म्हणतात.

“म्हणजे वेबिल,” तेजराम म्हणाला. दिवसभराची तिकिटं एका कागदावर मांडून डेपोत द्यायची, हे तर त्यानं जन्मभर केलं होतं.

तृप्तीनं मान डोलावली, आणि तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती पुढे म्हणाली की हे वेबिल डेपोवाल्याला उघडावं लागत नाही. आतलं एकही तिकीट न बघता त्याला खात्री पटते की हिशोब बरोबर आहे. असा पुरावा करायला आधी फार वेळ लागायचा आणि त्याची गणितं लिहिणारे लोक जगात मोजकेच होते. आता तो काही सेकंदांत होतो. आणि साध्या प्रोग्रामरनं नेहमीसारखा प्रोग्राम लिहिला की त्याचा पुरावा आपोआप तयार करून देणारी अवजारं निघाली आहेत. ती अवजारं बनवायचं काम तृप्तीकडे होतं.

तेजरामच्या डोक्यावरून सगळं गेलं. न बघता खात्री? मग गॅसचं काहीतरी आलं. त्याला वाटलं सिलिंडर, तर तो गॅस निराळाच, व्यवहाराचा खर्च म्हणे. मग नळ आला, ज्यातून पाणी नाही, सरावासाठीचे खोटे पैसे गळतात. खोटे पैसे ऐकल्यावर तेजराम ताठ झाला.

“बाकी राहू दे,” तो म्हणाला. “रविवारी मले उभं राहून सांगा लागते. तुमच्या कामाचं नाव काय, तेवढं सांग.”

“झिरो नॉलेज, बाबा.”

आता काय बोलावं माणसानं? या घरात शिक्षणाशिवाय दुसरा देव नव्हता. तेजरामच्या बापानं लोकांच्या धानाच्या बांध्यांत राबून त्याला दहावी केलं, त्यानं पोरीला इंजिनिअर केलं, आणि पोरगी काय करते, तर झिरो नॉलेज. हे विहारात उभं राहून सांगायचं? त्याला राग आला, पण रागापेक्षा जास्त रडू आलं, आणि आपण काय समजलो आणि काय नाही हेही त्याला धड कळेना.

तृप्तीनं त्याच्याकडे पाहिलं. मग उठली, अंगणात आईजवळ गेली, ढिगातून दोन मिरच्या निवडून आणल्या. दोन्ही ओल्या, सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या. बापाच्या एकेका हातात एकेक ठेवली.

“बाबा, ह्या सारख्या आहेत का येगळ्या?”

तेजरामनं पाहिल्या. सारख्याच होत्या. तसं तो म्हणाला.

“मी म्हणते येगळ्या आहेत. कशा येगळ्या ते नाही सांगत. हात पाठीमागं न्या. वाटलं तर अदलाबदल करा, नाही तर नका करू. मंग दाखवा. तुम्ही बदलल्या का नाही, तेवढं मी सांगीन.”

त्यानं हात मागं नेले, मिरच्या बदलल्या, दाखवल्या. बदलल्या, ती म्हणाली. परत नेले, तशाच ठेवल्या. नाही बदलल्या. आता तेजरामला चेव आला. हा तर त्याचाच प्रांत होता. पोरीनं देठावर खूण केली असणार म्हणून त्यानं दोन्ही देठ खुडून टाकले. मग सलग बऱ्याच वेळा बदलल्याच नाहीत, मग एकदम बदलल्या. पाठ फिरवून बसला. टॉवेलाखाली हात घातले. पोरगी एकदाही चुकली नाही. एकदा-दोनदा अंदाजानं जमलं असेल, पण दर खेपेला?

“पटलं, येगळ्या आहेत,” शेवटी तो म्हणाला, आणि त्याला खरंच पटलं होतं.

“काय येगळं आहे, ते मी सांगतलं का?”

“नाही.”

“तरी पटलं. झिरो नॉलेज म्हणजे हे, बाबा. आपल्याजवळची गोष्ट न सांगता ती आपल्याजवळ आहे हे पटवून देणं. नॉलेज माझं झिरो नाही. समोरच्याले मी झिरो सांगतलं.”

तेजराम हसला. किती दिवसांनी काहीतरी समजलं होतं. हातातल्या मिरच्यांकडे बघत तो हसत राहिला, आणि हसता हसता गप्प झाला.

कारण या मिरच्या दुसऱ्या कोणाच्या हातात दिल्या असत्या, सेवकरामच्या म्हणा, तर हा खेळ झालाच नसता. तो बघताक्षणी म्हणाला असता, एक लाल, एक हिरवी. खेळ फक्त एकाच माणसाशी होऊ शकत होता.

तेजरामला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नसे. जन्मापासून. हे त्याला कळलं तेव्हा तो ड्रायव्हरच्या भरतीला गेला होता. पोरवयापासून त्याला स्टिअरिंगचं वेड, ट्रॅक्टर तर डोळे मिटून चालवायचा. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि आकडा वाचायला सांगितला. तेजरामला ठिपकेच दिसले. डॉक्टरनं पुस्तक मिटलं. घरी येऊन त्यानं सांगितलं, ड्रायव्हरकी नको, माणसं सांभाळायची मजा वेगळी, मी कंडक्टर होणार. ट्रेमधल्या रंगीत तिकिटांचे खण त्यानं बोटांना पाठ करून टाकले. विहारावरच्या झेंड्याचे पट्टे ओळीनं म्हणून ठेवले, निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. बापाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरनं आपल्याला गाडीतून उतरवलं, ही लाज त्यानं एकट्यानंच सांभाळली होती.

आणि पोरीला ते माहीत होतं. कधीपासून?

त्यानं वर बघितलं. तृप्तीनं विचारलं, काय झालं बाबा. काही नाही, तो म्हणाला. तिनं त्याच्या हातातून मिरच्या घेतल्या आणि ढिगात नेऊन टाकल्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. तेजरामला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं की त्याला स्वतःचंच काही कळेना.

रविवारी वंदना झाली. सेवकराम टेबलाशी बसला, किल्ली समोर. तेजराम उभा राहिला, तसे सगळे सावरून बसले. पहिल्या ओळीत म्हातारा चिंधूकाका, बायकांच्या बाजूला खिडकीजवळ वच्छलाबाई, मागं दाराशी तृप्ती.

“पोरीचं काम मले पूर्ण समजलं नाही,” तेजराम म्हणाला. “समजलं म्हटलं तर खोटं होईन. पण माझी एक गोष्ट हाय. ते मी आजपर्यंत कोणाले सांगतली नाही. पोरीले ते मालूम हाय, बहुतेक लहानपणापासून. तिनं कुठंच तोंडातून काढली नाही. माझ्यासमोर बी नाही. जिच्या पोटात बापाची गोष्ट इतकी वर्सं राहिली, तिच्या हाती तुमचे पोरं द्याले मले भेव नाही.”

सेवकरामला काही उमगलं नाही. कोणती गोष्ट, त्यानं विचारलं.

“ते नाही सांगत.”

मग आम्ही खरं कशावरून मानायचं, सेवकराम म्हणाला, आणि त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? मागं कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे तेजरामनं पैसा दडवला, कोणी म्हणे दुखणं लपवलं. सगळ्या बैठकीचा गोंधळ झाला, आणि तेजराम आपला खांबासारखा उभा.

तेव्हा चिंधूकाकानं काठी आपटली. “का गा सेवकराम, यानं सासऱ्याले उतरवलं होतं. हा माणूस आज पयल्यांदा कोणाले बिनतिकिटाचं बसवून राहिला. पायलंच असन काहीतरी.”

लोक हसले. सेवकरामलाही हसावं लागलं, आणि त्यानं किल्ली टेबलावरून पुढं सरकवली. तृप्ती ती घ्यायला आली. पण सेवकरामला काही राहवेना. त्यानं बायकांच्या बाजूला मान वळवली. वहिनी, तुम्हाले तरी मालूम असन का कोणती गोष्ट?

“मले कायचं नॉलेज, भाऊजी,” वच्छलाबाई म्हणाली. “मले काहीच मालूम नाही.”

असं म्हणून तिनं खिडकीबाहेर पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर जागच्या जागी असताना नीट केला.

तेजराम तिच्याकडे बघतच राहिला. ‘दाखवा’ हा शब्द सवयीनं त्याच्या तोंडाशी आला होता, तो त्यानं गिळला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी खाटेवर आपले कपडे काढून ठेवलेले असतात, शर्ट, पँट, रुमालसुद्धा, आणि शेजारणी तिला हसतात की नवऱ्याचे फार लाड करते. त्यानं मान खाली घालून अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. तो कोणत्या रंगाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण तो पँटवर शोभत असणार याची त्याला पक्की खात्री होती.