पिच्चरमधलं पाणी

मनकर्णाबाईनं आपला ड्रम पिच्चरला दिला, तिथंच सगळं चुकलं. पण आशेला लागलेल्या बाईला कोण सांगणार?

गल्लीत बारा-बारा दिवस नळाला पाणी नाय. लासूरला दिलेली लेक मोनिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची, अन् जावई अडून बसलेला, की पाणी नाय त्या घरी पाठवणार नाय. शेजारच्या मधुसूदनकाकांनी वॉर्ड ऑफिसात एकेचाळीस अर्ज दिले. रिटायर टायपिस्ट माणूस, एकाही अर्जात खाडाखोड सापडायची नाय. उत्तर एकाचंही आलं नाय.

तेव्हा लग्नाचं शूटिंग करणारा शिवम म्हणाला, "काकू, रडून झालं. आता हसवू. ऑफिसावर कॉमेडी पिच्चर काढू." कलाकार कोण, तर काका, मनकर्णाबाई अन् पुढचे दात पडलेला बँडवाला फकिरा. अहाहा, काय फौज! फकिरा साहेब झाला अन् खुर्चीत अशी डुलकी काढली, की गल्ली हसून लोळली.

शेवटच्या सीनला गल्ली जिंकते, नळ सुटतो, सगळे नाचतात. पण पाणी आणायचं कुठून? मनकर्णाबाईनं आपला पिण्याच्या पाण्याचा ड्रम भिंतीमागून नळाला जोडू दिला. चार दिवसांचं पाणी! नळ सुटला, अन् आवाज ऐकून शेजारच्या गल्लीतल्या बाया खरंच हंडे घेऊन पळत आल्या. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मनकर्णाबाई गुडघे विसरून नाचली. ड्रम आपलाच हे ठाऊक असून तिला घडीभर खरं वाटलं, देवाशप्पथ. त्या बायांतल्या सुरेखाचा हंडा अर्धा भरला अन् ड्रम संपला.

शिवमनं तेवढाच तुकडा मोबाईलवर टाकला. दोन दिवसांत लाखभर लोकांनी बघितला. तिसऱ्या दिवशी काकांना मेसेज आला: पाणीपुरवठा सुरळीत, तक्रार निकाली. काका अन् मनकर्णाबाई तसेच ऑफिसात गेले. क्लार्कनं त्यांना त्यांचाच व्हिडिओ दाखवला.

"नळ चालू आहे की. अन् ह्या नाचणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"व्हय, पण साहेब, ते नाटक होतं," मनकर्णाबाई म्हणाली.

"मग हंडे घेऊन पळणाऱ्या बायाही नाटकच करत होत्या का?"

काकांना खोटं बोलता येईना. त्या बाया नाटक करत नव्हत्या.

"तक्रार असंल तर नवा अर्ज द्या," क्लार्क म्हणाला. काकांनी खिशातला पेन काढला, बघितला, परत ठेवला.

गेटाबाहेर मोनिकाचा फोन आला. "आई, बघितलं मी! ह्यांनीबी बघितलं. म्हणाले, जा आता. उद्या सकाळच्या गाडीनं लासूरहून निघते."

कधीपासून मनकर्णाबाई याच फोनची वाट बघत होती. "येऊ नको, बाई," ती म्हणाली. "त्ये पाणी पिच्चरमधलं हाय. आपल्याच ड्रमातलं."

मोनिका खदखदून हसली. "पिच्चरमधी गेल्यापासून लई चेष्टेखोर झालीस बघ तू," म्हणाली, अन् पिशवी भरायला फोन ठेवून दिला.