भामाच्या टोपलीएवढी रिंग

मी पनवेलच्या तळ्याकाठच्या मैदानावर खांबाला ठोकलेली लोखंडी रिंग बोलतेय. बास्केटबॉलची रिंग. तुम्ही मला ओळखलं नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, बास्केटबॉलवालेही ओळखत नाहीत. बाहेरगावचा खेळाडू पहिल्यांदा आला की मान वर करून माझ्याकडे पाहतो, मग आपल्या सोबत्याकडे पाहतो आणि दोघं तोंड फिरवून हसतात. पनवेलकर मात्र मला कधी हसले नाहीत. ते मला हळदकुंकू वाहतात.

माझा जन्म मैदानाला लागूनच असलेल्या काशिराम लोहाराच्या भट्टीत झाला. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. काशिरामचा खरा धंदा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्याचा. एका सकाळी शाळेचे ड्रिलमास्तर त्याच्याकडे आले. मुंबईत हा खेळ पाहून ते नुकतेच परतले होते आणि पनवेलमध्ये तो सुरू केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"कडं केवढं पायजे?" काशिरामने विचारलं.

मास्तरांनी मुंबईहून उत्साह आणला होता, माप आणलं नव्हतं. ते म्हणाले, "टोपलीएवढं. टोपलीत चेंडू टाकायचा खेळ आहे हा."

जवळच्या ओवे गावची भामा तेव्हा कोयत्याला धार लावून घ्यायला तिथं बसली होती. पुढ्यात तिची माशांची टोपली. काशिरामने उठून टोपलीच्या तोंडाभोवती सुतळी फिरवली.

"काय करतस रं माज्या टोपलीला?"

"गप बस. देशाचं काम हाय."

त्या सुतळीच्या मापानं धावेचं उरलेलं लोखंड वाकवून काशिरामने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला घडवलं. मैदानाच्या दोन टोकांना आम्हाला ठोकलं. मास्तरांची पुढच्याच महिन्यात बदली झाली. असल्या माणसांच्या बदल्या अगदी वेळेवर होतात.

भामाची टोपली चांगली ऐसपैस होती. त्यामुळे माझ्या दिशेनं आलेला चेंडू सहसा वाया जात नसे. सरळ आलेला आत जाई, तिरका आलेला आत जाई, शिंक येऊन हातातून निसटलेलाही आत जाई. संध्याकाळी सरावाला गर्दी जमे. काठावरच्या दगडी कठड्यावर दाजी कर्णिक बसत. दाजी मंडळाचे पदाधिकारी नव्हते, त्याहून मोठे होते. मंडळात काय चुकतं हे त्यांना माहीत होतं.

"पाहिलात हात?" दाजी म्हणत. "जिल्ह्यात असा हात नाही!"

आणि ते खरंच होतं. असा हात जिल्ह्यात कुठंच चालत नसे. आमचा संघ ठाण्याला जाई, अलिबागला जाई, मुंबईला जाई, आणि सगळीकडून हरून येई. दुसऱ्या दिवशी कठड्यावर कारणमीमांसा होई. मुंबईचं पाणी बाधलं. पंच ठाण्याचा होता. अलिबागची हवा दमट. माझ्याकडे मात्र कोणी मान वर करून पाहिलं नाही. माणसांची ही एक गंमत आहे. खांब रोज डोळ्यांसमोर असला की तो दिसेनासा होतो.

कारण सापडत नाही म्हटल्यावर सेक्रेटरी बदलायचा, ही आमच्या मंडळाची रीत. दसऱ्याच्या सभेत नवा सेक्रेटरी निवडत. पहिले एक वकील आले. त्यांनी गणवेश शिवले. संघ नव्या गणवेशात हरला. मग भातगिरणीचे मालक आले. त्यांनी पोरांना दूध-केळी सुरू केली. संघ अंगानं भरला आणि हरला. तिसऱ्यांनी सत्यनारायण घातला. त्या दिवशी प्रसाद उत्तम झाला होता. प्रत्येक वेळी दाजी हात जोडून सांगत, "आता सगळ्या आशा तुमच्यावर!" वर्षानं तेच दाजी कठड्यावर म्हणत, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

मग एका दसऱ्याला इलियास मुकादम सेक्रेटरी झाला. पनवेलचाच, लाकडाच्या वखारीवाल्यांचा मुलगा. तरुणपणी मुंबईला नागपाड्यात राहून हा खेळ खेळला होता, आणि वडील थकले म्हणून वखार बघायला परत आला होता. या खेळाचा चेंडू हातात धरलेला हा आमचा पहिलाच सेक्रेटरी. पनवेलकरांच्या आशांना पूर आला. हार असा घातला की बिचाऱ्याचं तोंड दिसेना. "इलियासभाई, यंदा जिल्ह्याची ढाल पनवेलला!" दाजी गदगदून म्हणाले.

इलियासनं हार काढून खुर्चीवर ठेवला, मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. मग शिडी मागवली. वर चढून त्यानं दोन चेंडू शेजारी शेजारी धरले आणि माझ्या तोंडात सोडले. दोन्ही जोडीनं खाली आले. मला स्पर्शसुद्धा झाला नाही.

"या अल्ला," तो हळूच म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "दाजीसाहेब, नियमाच्या रिंगमधून दोन चेंडू एकदम जात नाहीत. ही रिंग मोठी आहे."

"माजं कडं मोठं नाय," भट्टीतून काशिराम ओरडला, "तुमचा चेंडू लहान हाय!"

तरीही इलियासनं मुंबईहून बरोबर माप आणून काशिरामकडून नव्या रिंगा करून घेतल्या. आम्हा बहिणींना उतरवून भट्टीच्या दारात खिळ्याला टांगलं. तिथून मैदान छान दिसायचं. मी मनात म्हटलं, चला, सुटले.

पण नव्या रिंगेवर चेंडू जाईना. आपटे, उडे, तळ्यात पडे. ज्या मैदानावर टाळ्या वाजत, तिथं ठणाठण लोखंड वाजू लागलं. दगडी कठडा हळहळला. "पोरांचा हात बिघडवला या माणसानं," दाजी म्हणाले. "दहा पोरांचं पाणी दोन महिन्यांत उतरवलं."

खेळाडूंनीही येणं सोडलं. टिकला एक आनंदा. भामाचाच मुलगा. बापाबरोबर मिठागरात काम करी. खारं पाणी पायांच्या भेगांत जाऊन जाऊन त्याच्या बापाला चालणं नकोसं झालं होतं, आणि आनंदाच्या पायांना भेगा पडायला नुकती सुरुवात झाली होती. परळच्या एका गिरणीचा बास्केटबॉल संघ होता आणि चांगल्या खेळाडूला गिरणी नोकरी देई. इलियासनं त्या गिरणीच्या साहेबांना गळ घातली. माघात गिरणीचा संघ पनवेलला सामना खेळायला येणार होता, आणि साहेब आनंदाला पारखणार होते.

"इलियासभाय, जमंल का मला?" आनंदा विचारी.

"आधी कोपर आत घे. जमेल की नाही ते साहेब बघतील. तू रिंग बघ."

पोरगा रोज ओव्याहून चालत येई आणि अंधार पडेपर्यंत टाकत राही. हळूहळू ठणाठण कमी झाली. मग एखादा चेंडू कड्याला न लागता जाळीतून सळकन उतरू लागला. असला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्यातून चेंडू जायचा तो घळईतून धोंडा पडावा तसा.

सामना आठवड्यावर आला तेव्हा मंडळाची तातडीची सभा भरली. दाजी उभे राहिले. "सामन्याला अख्खं पनवेल लोटणार, मामलेदारसाहेब येणार. त्यांच्यासमोर आपली पोरं लोखंड वाजवत बसणार? पनवेलच्या अब्रूचा प्रश्न आहे. जुन्या रिंगा लावा!"

"सामना होऊ द्या," इलियास विनवत होता. "एका पोराच्या पोटाचा सवाल आहे, दाजीसाहेब."

"पोराच्या भल्यासाठीच म्हणतोय! जुन्या रिंगेत तो एक चेंडू चुकवणार नाही. साहेब खूशच होतील."

हात वर झाले. इलियासच्या बाजूनं फक्त इलियासचा. तो म्हणाला, "ठीक आहे. नव्या रिंगा भंगारात टाकणार असाल तर त्यातली एक मला द्या." सायकलला अडकवून ती तो घेऊन गेला. आम्हाला ताशा वाजवत, नारळ फोडून पुन्हा खांबावर चढवलं. मिरवणूक माझी होती. लाज वाटायला मला कोणी वेळच दिला नाही.

सामन्याच्या दिवशी पनवेलनं जेवढे गुण केले तेवढे मंडळाच्या जन्मात केले नव्हते. गिरणीनं त्याच्या दुप्पट केले. रिंगा दोघांनाही सारख्याच मोठ्या होत्या, ही गोष्ट सभेत कुणाच्या लक्षात आली नव्हती. कठडा मात्र बेहद्द खूश.

"हरलो," दाजी डोळे पुसत म्हणाले, "पण काय हरलो!"

गिरणीचे साहेब माझ्या खाली येऊन उभे राहिले. "मुकादम, या रिंगेत माझी सासू माजघरातून चेंडू टाकेल. पोराचा हात मी ओळखू कशावरून?"

आनंदा शेजारीच उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या पायांकडे पाहिलं. पुढं बघायला त्याच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. तेव्हा इलियास म्हणाला, "साहेब, जाताना जीप ओव्यावरून घ्या. वाट थोडी वाकडी आहे, पण रिंग सरळ आहे."

पुढचं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भामा कोयता घेऊन भट्टीवर आली तेव्हा कळलं. इलियासनं ती नवी रिंग भामाच्या दारच्या चिंचेवर ठोकली होती.

"सगला गाव जमला," भामा सांगत होती. "सायेब बोल्ला, टाक. पोरगा टाकतोय, टाकतोय, कड्याला चेंडू लागं नाय. सायेब बोल्ला, बस झाला. पोरगा थांबंच ना! मी बोल्ले, आरं, सायबाला च्या तरी पिऊ दे!"

"म्हंजे नोकरी?" काशिरामचा हात थांबला.

"लागली. आता नाय जानार मिठागरात." तिनं पदरानं डोळे पुसले. मग वर माझ्याकडे बघून काशिरामला म्हणाली, "माज्या टोपलीचं माप तुला कोनी घ्याया सांगितलं व्हतं रं? ती मासली ठेवायाची टोपली."

आनंदाचा सत्कार माझ्याच खाली झाला. दाजींनी भाषण केलं. "ज्या रिंगेनं हा हिरा घडवला, ती ही रिंग!" टाळ्या झाल्या. मला हार घातला. इलियास मागच्या रांगेत बसला होता. त्याला व्यासपीठावर बोलवायचं राहून गेलं, आणि पुढच्या दसऱ्याला त्याचं सेक्रेटरीपदही गेलं.

आनंदाला चार शब्द बोलायला सांगितलं. त्यानं उठून शिडी आणली, दोन चेंडू काखोटीला मारून वर चढला आणि इलियासनं केलं होतं तसंच केलं. दोन्ही चेंडू जोडीनं खाली पडले. मागच्या रांगेत इलियास तेवढा हसला. मला वाटलं, आता तरी पनवेलकरांना कळलं असावं.

दाजींनी उठून टाळी वाजवली. "पाहिलंत? एका वेळी दोन! मुंबईत जमेल का कुणाला?"

त्यांना कळलं नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. कारण त्याच आठवड्यात ठराव झाला की मंडळानं एका वेळी एकच चेंडू बाळगावा.

त्यालाही आता वर्षं झाली. शेर जाऊन किलो आला, गज जाऊन मीटर आला. देशातली सगळी मापं बदलली, माझ्या मापाला कोणी हात लावला नाही. दाजी अजून कठड्यावर असतात. संघ अजून हरतो. मी गंजलेय, तोंडावर दरवर्षीच्या कुंकवाचं पूट चढलंय.

परवाच्या दसऱ्याला पुन्हा नवा सेक्रेटरी आला. पोस्टात नुकताच बदलून आलेला, चष्मा लावणारा माणूस. हार झाला, आशा झाल्या. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "जरा दोन चेंडू देता का?"

"दोन?" दाजी हसून म्हणाले. "दोन कशाला? आपल्याकडे एकच असतो. पहिल्यापासूनची पद्धत आहे."

त्यानं मान डोलावली. नवीन माणूस, नवीन गाव. पण जाताना दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहून गेला.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. कधी पनवेलला आलात, तळ्याकाठी फिरायला आलात, तर रिकाम्या हातांनी येऊ नका. हार-नारळ नको, ते पुष्कळ झाले. येताना एक चेंडू घेऊन या.