आळ आलेला पाळणा

मित्रांनो, मी लोखंडी पाळणा. सुरतेत मला घोडियुं म्हणतात. माझा निळा रंग जागोजागी उडालाय आणि एका पायाला नंतर दिलेला जोड आहे. आजवर बावीस लेकरं माझ्या झोळीत निजली. पण त्यांच्याबद्दल मी थोडंच बोलणार आहे. सांगायचं आहे ते एका घराबद्दल. तिथे माझी झोळी महिना-महिना रिकामी लोंबत होती आणि माणसांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

सुरतेच्या उधना भागात भाईदास नावाचा लोहार यंत्रमागांचे लोखंडी स्टँड बनवायचा. उरलेल्या पाइपातून त्याने मला घडवलं, आपल्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणासाठी. प्रत्येक सांधा कानशीने घासल्यावर तो त्यावर अंगठा फिरवून बघायचा. टोचलं की पुन्हा घासायचा. बहिणीचं काम झालं आणि मी जवळच्या पांडेसऱ्यातल्या एका तीन मजली चाळीत आलो. खानदेशातून कामाला आलेली घरं होती सगळी. नवा पाळणा कोणी घेत नसे. दिवस गेलेल्या बाया माझ्यासाठी आधीच सांगून ठेवत. "या घोडियाचा हात चांगला आहे," असं म्हणत आणि मला हळदीकुंकू लावत. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग दुसऱ्या मजल्यावरच्या जयश्रीचा मुलगा गेला. पाच महिन्यांचा होता. सकाळी माझ्यात निजला होता, संध्याकाळी दवाखान्यातून परत आलाच नाही. तेराव्याच्या आत चाळीत बोलणं पसरलं, की पाळणाच वाईट. मला गच्चीवर नेऊन टाकलं. चार वर्षं मी तिथे उन्हातान्हात पडून होतो. गच्ची वाळत घातलेल्या साड्यांनी भरून जायची, पण माझ्यावर कोणी साधा रुमालही टाकला नाही.

तळमजल्यावर सोनाली राहायची. नवरा योगेंद्र पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये, सासू प्रमिलाबाई घरीच साड्यांना खडे चिकटवायच्या. एकच खोली. दोन वर्षांपूर्वी सोनालीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा सहावा लागला होता. एके दिवशी कपडे वाळत घालायला ती गच्चीवर आली. बादली खाली ठेवली आणि माझ्यासमोर उभी राहिली. खूप वेळ उभी होती. मग तिने योगेंद्रला हाक मारली.

मला जिन्यावरून खाली आणलं तेव्हा प्रमिलाबाई दारातच आडव्या आल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या,

"हाई काय आनं? जयश्रीनं पोर ह्यामाच गयं! आनि पोर व्हवाना आगोदर तयारी करस का कोनी?"

सोनालीचा आवाज वर गेला नाही. ती म्हणाली, "मागच्या वेळी काहीच तयारी केली नव्हती, आई. एक टोपडंसुद्धा नव्हतं घरात. तरी गेलंच ना? मला फक्त एक कोपरा द्या. बाळाचा कोपरा."

प्रमिलाबाई दारातून बाजूला झाल्या. मान्य झालं म्हणून नव्हे, तिचा चेहरा बघून.

तो कोपरा सोनालीने कसा मांडला, ते मी बघत होतो. चार हात लांब, तीन हात रुंद. गंज काढताना तिची बोटं सोलली. जुन्या सुती साड्या उकळून, वाळवून तिने दुपटी शिवली. भिंतीला चुना दिला. कॅलेंडरच्या मागे यादी लिहिली आणि झालेल्या कामावर रेघ मारत गेली: मच्छरदाणी, लंगोट, टोपडी, झोळीची दोरी. पण तिचा हात सारखा पोटावर जायचा. बाळ हलेपर्यंत ती श्वास धरून थांबायची. हललं की पुन्हा सुई हातात घ्यायची. हे दिवसातून किती वेळा, याला सुमार नव्हता.

यादी पुरी झालीच नाही. सातवा संपता संपता एका दुपारी ती दुपट्याची घडी घालता घालता खाली बसली आणि माझा पाय घट्ट धरला. "आई, रिक्षा," एवढंच म्हणाली.

मुलगी झाली. सव्वा किलोची. सरकारी दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सोनाली तिथेच राहिली. योगेंद्र पलसाण्याहून सुटला की दवाखान्यात, तिथून घरी भाकरी न्यायला. घरी आला की माझ्या दांड्यावर हात ठेवून उभा राहायचा.

"डॉक्टरनी काय सांगं?" प्रमिलाबाई विचारायच्या.

"आज वजन अजून उतरलं. नळीतून दूध देताहेत. श्वास मध्येच थांबतो, मग सिस्टर पायाला टिचकी मारते, मग घेते ती." बोलता बोलता तो भाकरी बांधून घ्यायचा. "सोनाली काचेला टेकून उभी असते, माय. बस म्हटलं तर बसत नाही."

मित्रांनो, मला तेव्हा स्वतःचीच भीती वाटू लागली. चार वर्षं सगळे जे म्हणत होते, ते खरं असेल तर?

नवव्या दिवशी योगेंद्र निरोप घेऊन आला, की रात्र कठीण आहे. तो उभ्या उभ्या परत गेला. प्रमिलाबाईंनी खड्यांचं काम बाजूला सारलं, माझी झोळी ओरबाडून काढली आणि मला ओढत दाराबाहेर आणलं. गल्लीत भंगारवाल्याची गाडी होती.

"लई जा हाई! फुकट लई जा!" त्या रडत ओरडत होत्या. "मनी नात मरी राहिनी!"

भंगारवाल्याने मला उचललं. एक पाय गाडीच्या कडेवर आपटून वाकला. तेवढ्यात जिन्यावरून जयश्री धावत आली आणि तिने माझा दुसरा पाय धरला.

"सोडा त्याला. मावशी, त्याने काही केलेलं नाही."

"तूच हाई सांगस? तुनं पोर..."

"माझंच पोर," जयश्री म्हणाली. तिला धाप लागली होती. "पंधरा दिवस खोकत होतं. आमच्या दाराशी मिलच्या चिंध्या जाळायची चूल. आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापायचं. सगळा धूर घरात. पोर निळं पडायचं खोकताना. मी म्हणायची दवाखान्यात नेऊ, घरचे म्हणायचे दात येताहेत. नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, फार उशीर केला. लोकांनी पाळण्याला दोष दिला आणि मी बोलले नाही. त्याला दोष दिला, की घरात कोणाला द्यावा लागत नव्हता. मलासुद्धा."

भंगारवाल्याने मला खाली ठेवलं. प्रमिलाबाईंनी मागे वळून बघितलं. त्यांच्या स्वतःच्या दाराशी चिंध्यांची चूल धुमसत होती. खोलीत खड्यांच्या डिंकाचा उग्र वास कोंडला होता, खिडकीपुढे साड्यांचे खोके रचलेले होते.

"चार वरीस," त्या म्हणाल्या. "काबरं बोलनी नही तू?"

जयश्रीने मला ओढत पुन्हा दाराशी आणलं. प्रमिलाबाई खाली बसल्या. मग उठल्या, तांब्या भरून आणला आणि चुलीवर ओतला.

रात्र कठीण होती, पण ती मुलगी सकाळपर्यंत टिकली. पुढच्या दिवसाचंही काही सांगता येत नव्हतं. त्या न सांगता येण्यातच दोघी बायकांनी खोली उपसली. खोके हलवले, खिडकी उघडली. चूल मोडून विटा गल्लीच्या टोकाला नेल्या. खड्यांचं काम प्रमिलाबाईंनी जयश्रीच्या गॅलरीत नेलं. योगेंद्रने मला भाईदासकडे नेऊन वाकलेल्या पायाला जोड देऊन आणलं. फोन वाजला की दोघींचे हात जागीच थांबायचे.

बत्तिसाव्या दिवशी मुलगी घरी आली. टोपड्यात चेहरा शोधावा लागत होता. मी तयार होतो. पण दवाखान्यातल्या विशाखा सिस्टरने बजावलं होतं, की झोळीत इतक्यात नाही. मान मुडपली तर श्वास अडेल. आईच्या छातीशी उघड्या अंगाने, नाहीतर सपाट गादीवर. तेव्हा सोनाली भिंतीला टेकून, बाळ छातीशी बांधून, बसल्या बसल्याच झोपायची. मी शेजारी रिकामा. मला वाईट वाटलं का? नाही. बाळ श्वास घेत होतं आणि मला तो ऐकू येत होता.

काही महिने गेले. विशाखा सिस्टरने घरी येऊन बाळाची मान तपासली, झोळी ताणून बघितली आणि आता निजवा म्हणाली. चाळीतल्या बाया जमल्या. जयश्री जिन्यातच थांबली होती. लेकरू गेलेल्या बाईने अशा वेळी पुढे यायचं नसतं, असं कोणी न सांगताही तिला माहीत होतं. प्रमिलाबाई बाळाला घेऊन तिच्यापाशी गेल्या.

"घाल तू," म्हणाल्या.

जयश्रीचे हात पुढे येईनात. सोनालीने ते धरून पुढे केले. जयश्रीने बाळाला माझ्यात ठेवलं आणि दोरी हातात घेऊन ती हुंदके देत राहिली. बाळ मात्र टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येणार असेल तर कोपरा जरूर सजवा. पण आधी खिडकी उघडा, धूर बाहेर काढा. बाळ खोकलं तर दवाखान्यात न्या. आणि एखादं लेकरू हातचं गेलं, तर त्याच्या आईला जिन्यात उभं ठेवू नका.