ओळ संपायच्या आत

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या जाळीला पोचा आहे आणि वायर चिकटपट्टीच्या आधाराने तग धरून आहे. तरीही मला जरा मान द्या. 'हाक दे, आबा' हे बापलेकीचं गाणं माझ्यातूनच गेलं आहे.

बारामतीच्या सर्जेरावांनी मला विकत घेतलं, तेव्हा त्यांचा लग्नकार्यात स्पीकर लावायचा धंदा होता. 'जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये' हेच मी वर्षानुवर्षं सांगत होतो. पुढं त्यांनी एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, कीबोर्ड आणला आणि ते कॅसेटी काढायला लागले. मी एकदम कलावंत झालो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा ताठलोही.

१९९४ साली पळसदेवहून गेणबा आणि त्यांची मुलगी सिंधू आमच्याकडे आली. उजनीच्या पाण्याकाठी दोघं मेंढरं राखायची. बाप कळपाच्या पुढं, लेक मागं. बापाने गात हाक घालायची आणि लेकीने गातच ओ द्यायची. मध्ये सगळा कळप आणि धुरळा, एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही. पण आवाज आला की कळायचं, माणूस जागेवर आहे. आता गेणबांच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहील याची डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. आबांचा आवाज आहे तोवर कॅसेटवर उतरावा, एवढंच सिंधूला हवं होतं.

सर्जेरावांनी त्या हाकेला कीबोर्डवर अशी झकास चाल बसवली की माझीच जाळी थरथरली. मात्र त्यांनी दोघांना बजावलं, एकाची ओळ पुरी झाल्यावरच दुसऱ्याने तोंड उघडायचं. तिथंच गाडं अडलं. सिंधू गप्प राहिली की गेणबांचा सूर डळमळायचा. ते गाता गाता मान वळवून मागं बघायचे. सकाळ अशीच गेली. त्यांचा घसा बसत चालला होता. श्वासावरून मला ते कळत होतं आणि माझा जीव कासावीस झाला होता.

शेवटी सिंधू म्हणाली, "दादा, आमी असं थांबत न्हाय. आबांची ओळ संपायच्या आत मी धरते. न्हायतर त्यास्नी वाटतं, मी मागं ऱ्हायले."

मग सर्जेरावांनी मला स्टँडवरून काढून हातात घेतलं आणि दोघांना चालायला सांगितलं. खोलीतच गोल फेरी सुरू झाली. गेणबा पुढं, सिंधू मागं आणि मध्ये माझी वायर सांभाळत सर्जेराव. बापाचा शेवटचा शब्द हवेत असतानाच लेक तो उचलायची. मी पुष्कळ नावाजलेले गळे ऐकले, पण एकमेकांवर इतके विसंबलेले दोन आवाज पुन्हा ऐकले नाहीत.

ते गाणं निमगाव केतकीच्या बाजारात वाजलं, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजलं, वरातीत तर पोरांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. गेणबा ऑपरेशनमधून वाचले. आवाज मात्र गेला. पुढं बिनवायरचे माइक आले आणि मी जुन्या वायरींच्या खोक्यात जाऊन पडलो. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

१९९९ साली पळसदेवच्या शाळेचं संमेलन होतं. ऐन वेळी नव्या माइकने मान टाकली, म्हणून सर्जेरावांनी मला खोक्यातून काढलं. पिंपळीला दिलेली सिंधू तेव्हा माहेरी आली होती. लोकांच्या आग्रहाखातर ती उभी राहिली. गेणबा पुढ्यातच काठी धरून बसले होते. तिने या वेळी आबांची ओळ घेतली, हाकेची. ओ द्यायला कुणी नव्हतं. ओळ शेवटाला आली तसा तिचा आवाज कापला.

ओळ संपायच्या आत गेणबांनी काठी जमिनीवर आपटली. ठक, ठक, अगदी तालात. तिने मला हातात घेतलं आणि स्टेजवरून खाली उतरून काठीजवळ धरलं. मग सगळं गाणं तसंच झालं. ती हाक घालायची आणि काठी ओ द्यायची.

मित्रांनो, मला पुसून ठेवलंत तर बरंच वाटेल. पण खरं मागणं वेगळं आहे. घरातलं कुणी हाक मारत असेल, तर ती हाक संपायची वाट बघू नका.